बाबा परिक्रमेला गेलेत

संक्रांतीचा तिळगूळ अजून डब्यात होता आणि शहरात पाण्याचे टँकर धावायला लागले होते. दुष्काळाचं हे सलग तिसरं वर्ष. जळगाव रोडला प्लॉटिंगचे बोर्ड मात्र जोमानं उगवत होते, त्यांना पाणी लागत नाही. अशाच दोन बोर्डांच्या मधे एका व्यसनमुक्ती केंद्राचं निळं फाटक होतं, आणि त्या फाटकासमोर चारुता स्कूटीवर बसून होती. डोळे तेवढे सोडले तर सगळं तोंड स्कार्फमध्ये. आत जावं... की घरी जावं... तिचं काही ठरत नव्हतं.

मागून ट्रॅक्टरचा हॉर्न वाजला. ती दचकली.

"मॅडम, गाडी आत घ्या नायतर बाजूला घ्या. टँकर गळायलाय. सगळं पाणी रोडलाच पाजायचं का?"

ट्रॅक्टरवर एक सावळा, उंच तरुण होता. बाह्या दुमडलेल्या, हात कोपरापर्यंत ओले. तिनं घाईघाईनं स्कूटी बाजूला घेतली आणि कुणी विचारलं नसताना सांगून टाकलं, "मी... मला फक्त चौकशी करायची होती. मैत्रिणीच्या वडिलांसाठी."

"व्हय का?" तो खाली उतरला. त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, पण फार लांबही नव्हतं. "इथं सगळे मैत्रिणीच्या वडलांसाठीच येतेत. चला आत. मैत्रिणीच्या नावानं चहा तरी घ्या."

चारुताला राग आला. आणि रागाच्या पाठोपाठ, कितीतरी महिन्यांनी, हसूही आलं. स्कार्फमुळे ओठ दिसत नव्हते, डोळे दिसत होते. त्यानं ते पाहिले आणि पाइप ओढायच्या निमित्तानं मान वळवली. नाव त्याचं सुदर्शन. सोयगावकडचा, शेतकऱ्याघरचा.

आत लिंबाखाली बाकड्यावर बसून तिनं मैत्रिणीच्या वडिलांची गोष्ट सांगायला सुरुवात केली आणि तिसऱ्या वाक्याला "आमचे बाबा" म्हणून गेली. मुकुंदराव, जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले. आधी मित्रांबरोबर, मग मित्रांशिवाय, मग दिवसाढवळ्या. पुंडलिकनगरात यांच्या घरी रोज संध्याकाळी रामरक्षा, आणि त्याच घरात पुस्तकांच्या कपाटामागे बाटली. आई, म्हणजे यमुनाबाई, हे कुणाला सांगायला तयार नव्हती. भिंतीवरची जाहिरात वाचून तिनं 'रोग्याला न सांगता दारू सोडवा' असली पूड मागवली आणि वरणात कालवली. मुकुंदरावांचं वरण सुटलं, दारू नाही सुटली.

मग चारुतानं शोध सुरू केला. घाटीच्या सरकारी दवाखान्यात उपचार फुकट होते, पण रांगेत जुना साहेब दिसला म्हणून मुकुंदराव दारातूनच परत फिरले. शहराबाहेरच्या दुसऱ्या एका केंद्रात म्हणाले, काळजीच नको, गाडी पाठवतो, चार माणसं उचलून आणतील. मेडिक्लेमच्या माणसानं आधी सगळं गोड ऐकून घेतलं, मग आजाराचं नाव विचारलं आणि दारू त्यात बसत नाही म्हणून सांगितलं.

"उचलून नेणाऱ्याकडं नाय पाठवलं ते बरं केलं," सुदर्शन म्हणाला. त्याच्या हातातला पाइप हौदात धो-धो सुटला होता. "कुठं बी जा, फीचं मागून विचारा. आधी विचारा, डॉक्टर रोज येतो का. घरच्यांना भेटू देतेत का. पैशाची पावती देतेत का. आन् जो म्हणंल ना, गॅरंटी देतो... त्याला लांबूनच रामराम करायचा."

"इथं गॅरंटी देत नाहीत?"

"मॅडम तर तोंडावर सांगतेत, नाय म्हणून."

या मॅडम म्हणजे डॉक्टर सत्यभामा. केंद्र त्यांचं. त्यांनी खरोखरच तसं सांगितलं. तीन महिने ठेवावं लागेल, आधी शरीर, मग मन, आणि माणूस स्वतःच्या पायानं आला पाहिजे. फी हप्त्यांनी चालेल. चारुता चिकलठाण्याच्या एका कंपनीत हिशेब बघायची, तरी फीचा आकडा ऐकून तिनं बाहेर येऊन दोन ग्लास पाणी प्यायलं.

"जमंल का?" सुदर्शननं विचारलं.

"एक एफडी आहे. ती मोडते."

"कशाची?"

"माझ्या... लग्नाची. आईनं ठेवलेली."

"आन् मग लग्न?"

"रजिस्टर. खर्च वाचतो."

"त्याला साक्षीदार लागतेत म्हणं." तो पाइप गुंडाळायला लागला, फार मन लावून. "मी रविवारी मोकळाच असतो."

"रविवारी ते ऑफिस बंद असतं," चारुता म्हणाली आणि स्कूटीला किक मारली. स्कूटीला बटन होतं हे तिला पुढच्या चौकात आठवलं.

मुकुंदराव स्वतःच्या पायानं आले. कसे आले ते सांगत बसत नाही. रडारड झाली, शपथा झाल्या, शेवटी चारुता एवढंच म्हणाली, "बाबा, मी दमले." आणि ते उठून चपला शोधायला लागले.

आता प्रश्न शेजाऱ्यांचा. शेजारच्या वच्छलाबाईंनी भिंतीवरून विचारलं, "भाऊ दिसत नाहीत दोन दिवस झाले?" आणि आयुष्यात कधी खोटं न बोललेल्या यमुनाबाई एका दमात बोलून गेल्या, "नर्मदा परिक्रमेला गेलेत."

थाप अशी फर्मास की पोलिसालाही सापडू नये. परिक्रमेत माणूस महिनोन्महिने पायी चालतो, फोन नाही, पत्ता नाही. पण यमुनाबाई एक विसरल्या. आपल्याकडे परिक्रमेला गेलेला माणूस एकट्या घरचा राहत नाही, सगळ्या गल्लीचा होतो. वच्छलाबाईंनी भाऊंच्या नावानं रोज तुपाचा दिवा लावायला घेतला. बायका येता-जाता विचारायला लागल्या, "कुठवर आले?" चारुता बिचारी दर शनिवारी नकाशा उघडून बापाला चार गावं पुढं सरकवायची.

सुदर्शनला हे कळलं त्या दिवशी तो हौदाच्या काठावर बसून पोट धरधरून हसला. रविवार भेटीचा वार, आणि तो मोकळा म्हणून त्याच्या इथल्या टँकरचाही. मग दर रविवारी फाटकातच प्रश्न यायचा, "आज कुठवर आले बाबा?"

"ओंकारेश्वर सोडलं."

"लई चालतेत. जरा बसवा त्यास्नी घाटावर."

"तुम्हीच बसवा. पाय दाबून द्या."

"देतो की. पण पोरीनं बघून हसायचं नाय."

तिच्याकडं नळाला चौथ्या दिवशी पाणी यायचं. तो जाताना एक भरलेला कॅन स्कूटीच्या पायापाशी ठेवायचा. ठेवताना दोघांचे हात क्षणभर जवळ यायचे... आणि त्याच्या हाताचा तो ओला गारवा तिला घरी पोचेपर्यंत पुरायचा. पुढं पुढं ती स्कार्फ फाटकाबाहेरच सोडायला लागली. तिचं प्रेम बसलं होतं. हे तिला कळलं होतं, त्यालाही कळलं होतं, आणि चहावाल्या कडूबाईला तर या दोघांच्या आधीच कळलं होतं.

फाल्गुनात केंद्रात घरच्या लोकांची बैठक झाली. दारू सुटलेली जुनी माणसं अशा बैठकीत उठून बोलतात. दोघं बोलले. तिसरा उठला तो सुदर्शन.

"मी सुदर्शन. दारुडा. दीड वर्ष झालं, घेतलेली नाय."

चारुताच्या हातातला पेला तसाच राहिला. तो शांतपणे सांगत होता. चिकलठाण्याला कंपनीत होतो, पगार झाला की शुद्ध जायची. नोकरी गेली. बाप, आप्पासाहेब, यांनी इलाजासाठी ट्रॅक्टर विकायला काढला. मॅडम म्हणाल्या, ट्रॅक्टर विकू नका, आमच्या हौदाला पाणी नाही, ते आणा. चौका गावात मामाची विहीर आहे. तेव्हापासून फी पाण्यानं फेडली, ती कधीच फिटली. आता नुसतंच येतो. इथं आलं की आठवडा नीट जातो.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. चारुता उठून बाहेर आली. तो मागोमाग आला.

"तुम्ही सांगितलं नाहीत..."

"मला वाटलं तुम्हाला माहितीये. इथं गेटपासून कुत्र्यापर्यंत सगळ्याला माहितीये."

खरंच होतं ते. त्यानं काही लपवलं नव्हतं. टँकरवाला म्हणून तिनंच त्याला एका खणात टाकून दिलं होतं. पण ती त्याच्याकडं न बघताच बोलायला लागली. "माझं अर्धं आयुष्य जिन्यावरची पावलं ऐकण्यात गेलंय. पाऊल कसं पडतंय त्यावरून कळायचं, आज जेवण होणार की नाही. आता कुठं बाबा बरे होतायत... आणि मी पुन्हा कुणाच्या तरी पावलांकडं कान लावून बसू?"

"तुमचं बरोबरे," तो म्हणाला. "आजचं सांगू शकतो, उद्याचं नाय. गॅरंटी देणाऱ्याला रामराम करा, हे मीच शिकवलंय तुम्हाला."

आणि चारुतानं त्याला रामराम केला. पुढचे कितीक रविवार ती स्कार्फ बांधून आली, बांधून गेली. पाण्याचा कॅन मात्र स्कूटीपाशी ठेवलेला असायचाच. ठेवणारा दिसायचा नाही. तो कॅन घरी उतरवताना ती रडायची.

एका रविवारी मुकुंदरावांनीच विषय काढला. त्यांचा चेहरा आता भरला होता, नजर स्थिर झाली होती. "सुदर्शनशी बोलत नाहीस?"

"बाबा, तुम्हाला माहितीये ना तो..."

"मला नाही माहीत तर कुणाला?" ते म्हणाले. "पहिल्या आठवड्यात माझे हात इतके कापायचे की चहा तोंडापर्यंत जात नव्हता. तो मुद्दाम यायचा आणि खाली बशी धरून बसायचा. रोज. एकदाही नजर वर करून बघितलं नाही त्यानं, मला लाज वाटू नये म्हणून." मग म्हणाले, "तू भितेस ते माझ्यामुळं. त्याच्यामुळं नाही. एवढं मात्र नीट वेगळं कर, चारू."

त्या रात्री तिला झोप लागली नाही. भीती खरी होती आणि तो बशी धरून बसलेला माणूसही खरा होता.

वैशाख लागला आणि मुकुंदरावांना घरी सोडलं. सामान फार, म्हणून सुदर्शन मामाची जीप घेऊन आला. मुकुंदरावांनीच त्याला बोलावलं होतं. वाटेत चारुता हळूच म्हणाली, "आम्हाला गल्लीच्या तोंडाशीच सोडा."

"बरं," तो म्हणाला. एवढंच. त्या 'बरं'नं तिला दिवसभराचं ऊन लागलं.

पण गल्लीच्या तोंडाशीच सगळी गल्ली उभी होती. यमुनाबाईंनी घाबरून 'आज येतायत' एवढंच सांगितलं होतं, तेवढ्यावर रांगोळी, हार, आरतीचं ताट. परिक्रमा करून आलेल्याचे पाय धुवायचे असतात, त्याशिवाय त्याला घरात घेत नाहीत. सगळे यमुनाबाईंच्या अंगणापर्यंत आले, तशा वच्छलाबाई तांब्याची परात घेऊन पुढं झाल्या. त्यांनी चार दिवस पाणी साठवलं होतं. खुर्ची मांडलेली होती. मुकुंदरावांना तिच्यावर बसवलं. वच्छलाबाई खाली वाकल्या...

मुकुंदरावांनी पाय मागं घेतले.

"थांबा वहिनी. मी परिक्रमेला गेलो नव्हतो." त्यांचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला. "जळगाव रोडला होतो. दारू सोडायला. मी फार पीत होतो."

कुणीतरी आरतीचं ताट खाली ठेवलं. यमुनाबाईंनी पदर तोंडाला लावला. वच्छलाबाई वाकलेल्या तशाच राहिल्या. "मग माझे दिवे?" त्या पुटपुटल्या. मग त्यांची नजर मागं गेली. तिथं सुदर्शन खांद्यावर ट्रंक घेऊन अडकला होता, पुढं येता येईना, मागं जाता येईना. "आन् हे कोण? तिथले शिपाई का?"

सोपं उत्तर तयार होतं. टँकरवाले. खोटंही नव्हतं ते. चारुतानं बापाकडं पाहिलं. ते उघड्या पायांनी, सगळ्यांसमोर, ताठ बसले होते. तिनं स्कार्फ सोडला.

"हे सुदर्शन. हेही तिथंच होते, बाबांच्या आधी. दारूसाठीच. दीड वर्ष झालं, सोडलीये." तिनं श्वास घेतला. "आणि मला ह्यांच्याशी लग्न करायचंय."

ट्रंक खांद्यावरून घसरली ती यमुनाबाईंच्या तुळशीपाशी आपटली.

"अहो..." सुदर्शन म्हणाला, "मला कुठं विचारलंय अजून!"

"मग आता विचारते. करणार का?"

"उद्याचं मी..."

"उद्याचं मागितलंय का कुणी? मला भीती वाटते. वाटणार. भीतीसकट विचारतेय."

डोळे भरले होते त्याचे, आणि हात बावळटासारखे लोंबत होते. गल्ली श्वास धरून उभी होती. तेवढ्यात वच्छलाबाई परातीवरून कडाडल्या, "भाऊ, पाय पुढं करा! चार दिवसांचं पाणी हाये हे, मोरीत ओतू का?"

"पण वहिनी, मी..."

"ऐकलं मी. नर्मदा करून आलेले लई बघितले. दारू सोडून आलेला आमच्यात कुणी नाय." आणि त्यांनी मुकुंदरावांचे पाय परातीत ओढून घेतले. चोळून चोळून धुतले. धुता धुता त्यांनी मान खाली ठेवूनच, अगदी हळू आवाजात चारुताला विचारलं, "माय, ते कुठंय म्हणालीस? आमच्या सर्जेरावाला... घेतील का तिथं?"

सर्जेराव त्यांचा थोरला. तो 'पुण्याला कंपनीत' होता, असं सगळ्या गल्लीला माहीत होतं.

चारुतानं सुदर्शनकडं पाहिलं. सुदर्शन पुढं आला आणि परातीशेजारी उकिडवा बसला. सांडणारं पाणी त्याच्या बुटांत जात होतं.

"घेतेत काकू," तो म्हणाला. "आधी त्याच्याशी बोलावं लागंल. तो जिथं असंल तिथं उद्या सकाळी येतो आम्ही." मग चारुताकडं वर बघून म्हणाला, "नवरा-बायको व्हायला वेळ आहे अजून. पण येऊ दोघं मिळूनच."