बाहेरची कडी

दिवा राहू दे, विझवू नका. सांगतो.

आत्याला तिचं गाव दाखवायला न्यायचं, एवढंच निमित्त होतं. दुपारची वेळ. साथीत ओस पडलेलं ते दगडी गाव आता दुरुस्त करून, तिकीट लावून लोकांना दाखवतात. मी सुतार. तिथल्या एकवीस घरांची जुनी दारं मीच दुरुस्त केलेली, तेव्हा मिरवायची हौस मलाच जास्त. सत्तरी उलटलेली आत्या वर्षभर नको नको म्हणत होती. त्या दिवशी मात्र स्वतःहून चपला घालून दारात उभी.

गल्ल्या झाडून लख्ख केलेल्या. सांध्यांत नवा चुना, कोपऱ्याकोपऱ्यावर पाट्या. आत्याने एकही पाटी वाचली नाही. सरळ चालत गेली ती शेवटच्या घराच्या मागच्या खोलीपाशीच थांबली.

"हिची कडी बाहेर होती ना रे?"

"होती. नुसती बाहेरच! त्या जुन्या सुताराचं डोकं ठिकाणावर नव्हतं बघ. निजायच्या खोलीला आतून कडी नको? मी बाहेरची काढली आणि आतून बसवली. छातीच्या उंचीला, अगदी बेतशीर."

आत्या हसली नाही.

"तू आलास तेव्हा... ती लावलेली होती की उघडी?"

तिचा जीव कशात अडकलाय ते मला मेल्याला काय ठाऊक! मी बोलून गेलो, "लावलेली. गंजून गच्च. कापूनच काढावी लागली. आत नुसता कोसळलेल्या छपराचा ढिगारा, मजुरांनी गाड्या भरून बाहेर टाकला."

आत्या मटकन खाली बसली. मग हळू आवाजात म्हणाली, "धाकटीला ताप होता. चार वर्षांची होती. आईने तिला या खोलीत वेगळी ठेवली होती. गाव सोडायचा हुकूम आला तेव्हा आई मला म्हणाली, कडी काढ, तिला घे आणि मागच्या गाडीत बस. मला भीती वाटली रे, मलाही ताप येईल म्हणून... मी एकटीच चढले. आईला सांगितलं, ती पुढच्या गाडीत आहे. खरं कळलं तोवर वाटेवर पहारा बसला होता. कुणालाच परत सोडलं नाही. कुणीतरी कडी काढली असेल, असंच आजवर मनाला समजावत आले."

त्या दाराला आतून, अगदी खाली, ओरखडे होते. उंदरांनी कुरतडलं असेल म्हणून मी रंधा मारून ते साफ केले होते. हे मी तिला सांगितलं नाही. देवाशपथ, एक शब्द बोललो नाही. पण ती उठून आत गेली, वाकली आणि नेमका तिथेच हात फिरवला.

"गुळगुळीत केलंस," ती म्हणाली.

तिला पाणी आणावं म्हणून मी वळलो. मागे दार लागलं. मग कडी सरकल्याचा आवाज आला... खालून, माझ्या गुडघ्याजवळून.

"आत्या?"

"अरे, ही इथेच आहे..." आतून तिचा आवाज आला. शांत होता, हेच मला सोसलं नाही. "म्हणते, मी खूप थांबले. आता तू थांब."

मी दारावर धडका दिल्या, ओरडलो. पहारेकरी पहार घेऊन धावत आला. दोघांनी मिळून दार चौकटीतून उचकटलं. आत्या कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली होती. गेली होती. एक हात बाजूला पसरलेला, मूठ अर्धवट मिटलेली, बाजारात पोराचं बोट धरतो ना आपण, तशी. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मी मोठ्याने रडलो.

पहारेकरी उचकटलेल्या दाराकडे बघत होता. छातीच्या उंचीला फळी सपाट होती. स्क्रूचं एक भोकही तिथे नव्हतं.

"मिस्त्री," तो म्हणाला, "कडी इतकी खाली का बसवलीत?"