बर्फाच्या गाडीचं गाऱ्हाणं

"उद्यापासून या रस्त्यावर चमचाभर जरी वाळू सापडली ना साहेब, तर मिशी उतरवीन," असं भानुदास परबने सगळ्यांसमोर ठणकावून सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता तो न्हाव्याच्या खुर्चीत बसला होता.

त्याचं झालं असं. आखातातल्या मुहैस्नाच्या लेबर कॅम्पांमागून वाळवंटात जाणारा जो रस्ता, त्यावरची वाळू काढायचं कॉन्ट्रॅक्ट भानुदास ज्या कंपनीत मुकादम होता तिच्याकडे होतं. साल नव्व्याण्णव, ऑगस्ट, शेहेचाळीस डिग्री. रोज वारा वाळू आणणार, रोज ही माणसं ती फावड्याने बाजूला ढकलणार. मग मॅनेजर खैरुद्दीन साहेबांनी स्वस्तात एक गाडी आणली. कुठल्याशा थंड देशातली, रस्त्यावरचा बर्फ ढकलणारी. पुढे भलंमोठं लोखंडी पातं, मागे बर्फ वितळवायला मीठ पेरायची पेटी. मीठही अर्धी पेटी आलेलं, दगडासारखं झालेलं.

"साहेब, ही बर्फाची आहे," भानुदास म्हणाला.

"तो क्या हुआ? बर्फ हो या रेत, धकेलना ही तो है. यल्ला, चलो!"

गाडीच्या खणात एक लोकरी हातमोजा सापडला. डाव्या हाताचा, बाळाच्या मोज्यासारखा, बोटं नसलेला, फक्त अंगठा वेगळा. भानुदासने तो परत खणात टाकला.

गँगमधली चौघं मालवणाकडची. नवी गाडी आली आणि गाऱ्हाणं नाही, हे त्यांना पटेना. भानुदासचा या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता, पण त्याचे वडील गावचं गाऱ्हाणं घालायचे, त्यामुळे शब्द तोंडपाठ. नारळ आला, अगरबत्ती आली.

"बा म्हाराजा, ह्या गाडयेचो जो कोण राखणदार आसशीत, तू जंय आसशीत थंयसून ये, आमच्या वांगडा ऱ्हव, ह्यो रस्तो सांभाळ. तुझो मान तुका देऊ."

"व्हय म्हाराजा!" चौघं ओरडली.

आपण नक्की कोणाला बोलावतोय, हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही. गावाकडे विचारावं लागत नाही. तिकडे राखणदार ओळखीचा असतो.

तर मिशी. पहिल्या दिवशी गाडीने रस्ता आरशासारखा केला. दोन्ही कडांना वाळूचे ढिगारे, कमरेइतके. दुसऱ्या दिवशी सकाळी चौदाव्या किलोमीटरला चाळीस पावलं रस्ता वाळूने भरलेला. वारा नव्हता. बाकीचा रस्ता स्वच्छ. नेमका म्युनिसिपालिटीचा इन्स्पेक्टर तिथूनच गेला.

खैरुद्दीन साहेबांनी आधी मिशी उतरवून घेतली आणि मग ते मुद्द्याचं बोलले. "देखो भानुदास, लगातार तीन दिन कंप्लेंट नहीं, तो फॅमिली व्हिसा के लेटर पर साइन. नहीं तो खलास."

भानुदासचं सगळं त्या सहीवर अडलेलं. बायको शालिनी आणि मुलगी पर्णिका जूनमध्ये गावी गेलेल्या, व्हिसा तिकडेच संपला. पर्णिकाची शारजातली शाळा दहा दिवसांत उघडणार. नाव कटलं तर वर्ष गेलं. शारजातल्याच अल मजाजचा राहता फ्लॅट त्याने कुलूप लावून ठेवला होता आणि स्वतः कॅम्पात राहत होता.

त्याने पुन्हा रस्ता साफ केला. सकाळी पुन्हा वाळू. चौदावा किलोमीटर, तीच चाळीस पावलं.

"च्यायला, माझ्याच नशिबाला हा किलोमीटर!"

गाडीचा ड्रायव्हर जहूर, पेशावरचा. शेहेचाळीस डिग्रीत स्वेटर घालून बसलेला.

"बुखार आहे काय रे?"

"नहीं उस्ताद. अंदर ठंड है."

"एसी तर बंद पडलाय!"

"वही तो."

भानुदास आत चढला. काचेवर आतून धुकं धरलेलं. त्याने बोटाने पुसलं, ते परत धरलं. मेकॅनिकला शिव्या घालत तो खाली उतरला.

उजव्या कडेचा ढिगारा मधोमध फुटला होता. माणूस आडवा मावेल एवढी पोकळी. वाळू तिथूनच रस्त्यावर आलेली.

"कोणी हरामखोर इथे झोपायला खड्डा खणतोय," भानुदास म्हणाला. "तुमच्यातलाच असेल!"

"उस्ताद," जहूर हळूच म्हणाला, "ये किसीने बाहर से नहीं खोदा. हाथ के निशान देखो, अंदर से कोई निकला है."

भानुदासने वाकून बघितलं.

आतल्या भिंतीवर ओरबाडे होते. सगळे आतून बाहेर. एका हाताची बोटं स्पष्ट, पाची. ती डाव्या हाताची. उजव्या हाताला बोटं नव्हती. भाकरी थापल्यासारखा गुळगुळीत ठसा, आणि बाजूला फक्त अंगठा.

त्याने वाळूत हात घातला आणि झटकन काढला. वाळू गार होती. ओली होती. चव घेतली. खारट नव्हती, म्हणजे समुद्राचं पाणी नव्हतं.

तिसऱ्या दिवशी ढिगाऱ्यावर पाण्याचा टँकर मारून, रोलर फिरवून तो दगडासारखा केला. दगडासारखा ढिगारा सकाळी फुटलेला होता.

चौथ्या दिवशी गँगने काम करायला नकार दिला. गावाहून फोन आला, पर्णिका विचारत होती, "बाबा, व्हेन आर वी कमिंग?"

भर दुपारी भानुदास चौदाव्या किलोमीटरला जाऊन उभा राहिला. सोबत फक्त जहूर. नारळ नाही, अगरबत्ती नाही. नुसता वैताग.

"बा म्हाराजा! तुका बोलावलंय मीच, चूक झाली माझी. पण ह्यो काय बर्फ न्हय. इतक्या उन्हात तू तरी कशाक मरतंस? थंडी होयी तर माझ्या घराक जा! थंय फ्रिज आसा, एसी आसा. पण माझो रस्तो सोड!"

"व्हय म्हाराजा" म्हणायला कोणी नव्हतं. जहूरला ते ठाऊक नव्हतं.

ढिगाऱ्यावरून मूठभर वाळू सरसरत खाली आली.

दुसऱ्या दिवशी रस्ता स्वच्छ. तिसऱ्या दिवशीही. चौथ्याही. जहूरने स्वेटर काढला, काचेवरचं धुकं गेलं. खैरुद्दीन साहेबांनी सही केली आणि गाडीची स्तुती केली.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी शालिनी आणि पर्णिका उतरल्या.

"बाबा, व्हेअर इज युअर मुस्टॅश?"

"रस्त्यात पडली गं."

अल मजाजच्या फ्लॅटचं कुलूप भानुदासने उघडलं. आत कोंदट उकाडा. शालिनी पदर खोचून थेट स्वयंपाकघरात.

"अहो, फ्रिज उघडत नाहीये. बर्फाने गच्च झालाय. बंद करून नव्हता ठेवला?"

ठेवला होता. जूनमध्ये त्याने स्वतः प्लग काढून, वायर गुंडाळून फ्रिजवर ठेवली होती. ती तशीच होती.

त्याने सुरीने बर्फ फोडायला घेतला. सुरी निसटली आणि तळहातात घुसली. क्लिनिकमध्ये तीन टाके पडले.

तो परत आला तेव्हा शालिनीने फरशी पुसून घेतली होती.

"बर्फात कुणाचा तरी लोकरी मोजा होता," ती म्हणाली. "उजव्या हाताचा. कसला घाणेरडा! धुऊन बाल्कनीत वाळत घातलाय."

संध्याकाळी ती कपडे काढायला गेली, तेव्हा दोरीवर मोज्यांची जोडी होती.