ड्रायव्हरचं ताट

आमच्या सासूबाईंचा एक नियम आहे. भाड्याची गाडी करून कुठंही जायचं असो, शेगाव की चिखलदरा, वाटेत जेवायला थांबलं की पहिला घास घेण्याआधी त्या विचारतात, "ड्रायव्हर जेवला का?" उत्तर 'हो' आलं तरच त्यांचा हात ताटात जातो. जो आपल्यासाठी राबतो त्याला उपाशी ठेवून जेवलं तर ते अन्न अंगी लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. सासूबाईंच्या बऱ्याच गोष्टी मला लग्नापासून खटकत आल्या, पण ही मात्र फार आवडायची. आवडायची, असं म्हणतेय मी.

२००५ सालचा एप्रिल होता. आमच्या मुलाला, देवांगला, शाळेची सुट्टी होती आणि सासूबाई नागपूरहून सहा महिन्यांसाठी अमेरिकेत अल्फारेटाला आमच्याकडे आल्या होत्या. माझा नवरा केदार त्याआधी दोन उन्हाळे लेक लेनियरवर शिडाची बोट चालवायला शिकला होता. त्याचं सर्टिफिकेट आमच्या फ्रिजवर देवांगच्या चित्रांच्या वर चिकटवलेलं असायचं. या सुट्टीत आपण व्हर्जिन आयलंड्सला जायचं आणि स्वतः बोट चालवत बेटांमधून फिरायचं, असं त्यानं ठरवून टाकलं. बोटीबरोबर कॅप्टनही मिळत होता, पण कॅप्टन घेणं म्हणजे केदारच्या सर्टिफिकेटचा अपमान.

"मी आहे ना यार," तो म्हणाला.

बेटं अमेरिकेचीच, म्हणून आम्ही निघालो. आमच्या पासपोर्टवरचे व्हिसाचे शिक्के केव्हाच संपले होते. पलीकडची बेटं ब्रिटिशांची. तिकडे चुकून गेलो तर परत येताना काय भानगड होईल, याचा मला घोर. सासूबाईंना घोर पाण्याचा. त्यांनी आयुष्यात पाहिलेलं मोठं पाणी म्हणजे अंबाझरी तलाव!

सेंट थॉमस बेटाच्या धक्क्यावर बोट पाहिली आणि मी मात्र हरखले. कॅटामरान म्हणजे दोन लांब होड्या शेजारी शेजारी जोडून वर घर बांधल्यासारखं. मध्ये बसायला ऐसपैस जागा, खाली झोपायच्या खोल्या, छोटं स्वयंपाकघर, आणि अगदी पुढे दोन टोकांच्या मध्ये ताणलेलं एक जाळं, त्यावर लोळत पडायचं. मी तवा आणि कणीक बरोबर आणली होतीच. तिथल्या दुकानातून कांदे, बटाटे, दूध घेतलं आणि आम्ही निघालो. पाणी इतकं निळं की देवांगला वाटलं, कुणीतरी रंग घातलाय.

दुपारी शेजारच्या सेंट जॉन बेटाच्या एका शांत खाडीत थांबलो. तिथं पाण्यात तरंगते गोळे असतात, त्यांना दोर अडकवला की बोट जागची हलत नाही. मी ताटं वाढली. सासूबाईंनी हात आखडला.

"ड्रायव्हर जेवला का?"

आम्ही खो खो हसलो.

"आई, मीच ड्रायव्हर!" केदार म्हणाला.

"तू नाही रे. तो पुढं बसला आहे ना, जाळीपाशी. त्याला काहून बोलावत नाही?"

आम्ही पुढे पाहिलं. पांढऱ्या फळ्यांवर भगभगीत ऊन होतं, बाकी काही नाही.

"आजी, देअर इज नो ड्रायव्हर!" देवांग म्हणाला.

"लाजतो बाप्पा तो. पाठ करून बसतो," असं म्हणून सासूबाई उठल्या, पोळीभाजीचं एक ताट तोल सांभाळत पुढे घेऊन गेल्या, ठेवून आल्या आणि मग जेवल्या. बोट लागू नये म्हणून त्यांना गोळी दिली होती. तिनं गुंगी येते, असं पाकिटावर लिहिलं होतं. आम्ही डोळ्यांनीच एकमेकांना ते सांगितलं.

ताट परत आलं ते रिकामं.

"पेलिकन," केदार म्हणाला.

पेलिकन, ते पिशवीसारख्या चोचीचे पक्षी, तिथं ढिगानं आहेत, खरंय. पण लोणच्याचा खारसुद्धा गेलेला, आणि ताट विसळलेलं. असला संसारी पेलिकन मी तरी पाहिलेला नव्हता. तसं मी म्हटलंही, आणि आम्ही परत हसलो.

दुसऱ्या दिवशी मी टॉवेल वाळत घालायला पुढे गेले. त्या उन्हात पायाला चटके बसत होते, कपडे बघता बघता कडक होत होते. जाळ्यापाशी मात्र एक ओला डाग होता, माणूस मांडी घालून बसला तर जेवढी जागा लागेल तेवढा. मी पाय ठेवला. फळी गार होती... आणि वास येत होता, खूप दिवस साचून राहिलेल्या पाण्याचा.

मी सासूबाईंना एकीकडे घेऊन हळूच विचारलं, "आई, तो दिसतो कसा?"

"तोंड नाही दाखवत. पण घाम किती येतो गं त्याला! नुसता निथळतो. एवढा घाम बरा नव्हे, काही दुखणं असेल पोराला."

मी केदारला काही सांगितलं नाही. त्याची सुट्टी, त्याची हौस. म्हटलं, दोन दिवस आणखी, मग आपलं घर आहेच.

त्यानंतरच्या दुपारी जेवणं झाल्यावर मला डोळा लागला. जाग आली ती पाण्याच्या आवाजानं. बोट चालली होती. केदार सुकाणूच्या चाकावर असेल म्हणून मी कूस बदलली, तर शेजारी केदार घोरत पडलेला. मी त्याला हलवून उठवलं आणि आम्ही दोघं वर धावलो.

चाकावर कुणी नव्हतं. शिडं गुंडाळलेली, इंजिन बंद. वारा समोरून येत होता आणि बोट सरळ त्या वाऱ्याच्या तोंडावर निघाली होती, ब्रिटिशांच्या बेटांकडे. चाक मधूनमधून थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे फिरत होतं, सवयीच्या हातानं फिरवावं तसं. गोळ्याला बांधलेला दोर सुटून नीट वेटोळं करून ठेवलेला होता.

"करंट असेल..." केदार म्हणाला. पण त्याचा आवाज त्याचा नव्हता. त्यानं इंजिन चालू केलं आणि दोन्ही हातांनी चाक ओढलं. ते लगेच फिरेना. मग कुणीतरी हात काढून घेतल्यासारखं एकदम सैल झालं.

सासूबाई शांतपणे वाती वळत बसल्या होत्या. "मीच म्हटलं त्याला, सगळे झोपले आहेत, तू जरा फिरवून आण," त्या म्हणाल्या.

केदार आईवर कधी ओरडत नसे. त्या दिवशी ओरडला. "आई, बास! पुढे कुणी नाहीये. उद्यापासून ताट न्यायचं नाही. ऐकलंस?"

"एकदा सुरू केलेलं असं मोडत नाहीत, केदार. तीन दिवस जेवू घालून चौथ्या दिवशी माणसाला उपाशी ठेवायचं?"

"माणूस नाहीच आहे तिथं!"

दुसऱ्या दिवशी ताट गेलं नाही. त्याही जेवल्या नाहीत.

ऊन अगदी डोक्यावर आलं होतं. परत निघायचं म्हणून केदारनं इंजिन चालू केलं आणि ते घरघर करून बंद पडलं. त्यानं वाकून पाहिलं. मागच्या पंख्याला दोर गुंडाळला होता. दोर कापायला तो मास्क लावून, सुरी घेऊन पाण्यात उतरला. पाणी इतकं स्वच्छ की त्याची पाठ, त्याचे केस, सगळं मला दिसत होतं. एकदा वर आला, श्वास घेतला, अंगठा दाखवला. परत खाली गेला. बोटीच्या पोटाखाली सरकला आणि मग दिसेना.

मी वाट पाहिली. या बाजूला पाहिलं, त्या बाजूला पाहिलं. तळाची वाळू दिसत होती, वाळूवर पडलेली सुरी दिसत होती... केदार नव्हता. मी त्याच्या नावानं ओरडायला लागले. देवांग रडायला लागला, "व्हेअर इज बाबा? आई, व्हेअर इज बाबा?" मला पोहता येतं ते तलावाच्या उथळ कडेपुरतं. तरी मी पायरीवर उतरले.

तेवढ्यात सासूबाई माझ्यामागून धावत गेल्या, पुढच्या बाजूला. हातात ताट. सकाळच्या पोळ्या, भात, डब्यातले लाडू, बोटीवर होतं नव्हतं ते सगळं त्यात ओतलेलं. त्या जाळ्यापाशी गुडघ्यांवर बसल्या आणि पदर पसरला.

"चुकलं बाप्पा आमचं. जेवून घे. तुला जन्मभर जेवू घालू आम्ही, या घरात ताट चुकणार नाही तुझं. पण वर पाठव रे... माझ्या मुलाला वर पाठव."

मागच्या पायरीवर माझ्या पायाशी एक हात आला. केदारचा. मी तो दोन्ही हातांनी धरून ओढला. केदार वर आला, पायरीवर आडवा पडला, खोकला, भडाभडा पाणी ओकला. मी त्याला कवटाळलं. देवांग त्याच्या पाठीवर चढला. इतका आनंद मला मूल झालं तेव्हाही झाला नव्हता, खरं सांगते. तो गार पडला होता. मग म्हणाला, "भूक लागलीय."

सासूबाई पुढून परत आल्या. ताट रिकामं होतं. त्यांनी लेकाकडे पाहिलं, नुसतं पाहिलं. एरवी तो नुसता शिंकला तरी त्यांचा हात त्याच्या केसांतून फिरे. त्या दिवशी त्यांनी हात लावला नाही. नंतरही कधी नाही.

घरी आल्यावर त्यांनी परतीचं तिकीट अलीकडचं करून घेतलं. विमानतळावर मला म्हणाल्या, "वीणा, शब्द दिला आहे मी. ताट चुकवू नको." अजून आठवड्याला त्यांचा फोन येतो. माझ्याशी बोलतात, देवांगशी बोलतात. केदारला दे, असं म्हणत नाहीत.

तेव्हापासून मी रोज दुपारी मागच्या अंगणात ताट ठेवते. परत आणते तेव्हा ते विसळलेलं असतं. रॅकून येऊन खात असतील, असं मी शेजारणीला सांगते. केदार ठीक आहे. कामावर जातो, देवांगला सॉकरला नेतो, पूर्वीपेक्षा कमी बोलतो. त्याची उशी रोज सकाळी ओली असते. डॉक्टरांनी तपासलं, घाम येतो म्हणाले, रिपोर्ट सगळे नॉर्मल.

हे सगळं मी चालवून घेतलं असतं. पण गेल्या मंगळवारची गोष्ट. इंडियन स्टोअरमध्ये कोवळी वांगी मिळाली म्हणून मी भरली वांगी केली. केदारला लहानपणापासून वांगं चालत नाही, जीभ खाजते. म्हणून त्याच्या डब्यात दहीभात दिला होता. वांगी मी खाल्ली, देवांगनं नाक मुरडलं, आणि उरलेली अंगणातल्या ताटात गेली. घरात दुसरं कुणी नव्हतं. संध्याकाळी केदार आला. डबा उघडला तर दहीभात जसाच्या तसा.

"जेवला नाहीस?" मी विचारलं.

"जेवलो ना," तो बूट काढत म्हणाला. त्याची पाठ माझ्याकडे होती. "आजची वांगी मस्त झाली होती. परत कर."

मी म्हटलं, करीन. दुसरं काय म्हणणार? देवांगला बाबा हवाय, आणि हा त्याच्याशी चांगला वागतो. उद्याही ताट वाढीन, परवाही वाढीन. पण आता माझ्याच घशाखाली घास उतरत नाही. ज्याला ताट मिळायचं त्याला ते रोज मिळतंय. पण तिथं खाली, त्या निळ्या पाण्यात माझा केदार उपाशी बसला असेल, त्याला कोण वाढत असेल?