बिजली छपराखाली येते

सौदामिनीच्या ओढणीचं टोक घोडीनं तोंडात धरलं, तेव्हा तिला क्लासला आधीच उशीर झाला होता.

"अहो! तुमची आहे ना ही? सोडायला सांगा!"

"सांगतो की... पण ऐकत न्हाई ती कुणाचं." दालमिलच्या फाटकातून धावत आलेला उमाशंकर हसू दाबत होता. "बिजली नाव हाय. तुमचं?"

"सौदामिनी."

"म्हंजे बी बिजलीच की!"

नांदेडच्या मास्तरांची लेक ती, लातूरला जीवशास्त्र शिकवायला आलेली, जिभेची तिखट. पण ओढणी सोडवायची सोडून ती त्याच्याकडेच बघत राहिली! एवढा चावट माणूस अन् डोळे इतके निर्मळ... हा कुठला न्याय?

भूकंपात पडलेल्या एका गावातून त्यानं बिजलीला मातीखालून ओढून काढलं होतं. तेव्हापासून छप्पर दिसलं की ती उधळायची. सौदामिनी रोज क्लास सुटला की गूळ घेऊन येऊ लागली. आधी बिजली दुरूनच कान टवकारायची, मग हातातला गूळ खाऊ लागली, मग तिच्या खांद्यावर हनुवटी टेकू लागली. उमाशंकरही रोज इस्त्रीचा सदरा घालू लागला. आता बोला!

थंडी वाढली अन् बिजलीला खोकला लागला. उमाशंकरचे वडील शिवलिंगअप्पा चिडले.

"उघड्यावर मारायची हाय का तिला? ऐतवारपर्यंत गोठ्यात आली तर आपली. न्हाई तर माळेगावच्या यात्रेत इकून टाकू."

"मी आणते तिला आत," सौदामिनी म्हणाली.

रविवारी संध्याकाळी तिनं दावं हातात घेतलं अन् उलट्या पावलांनी गोठ्याकडे निघाली. "हो हो, राणी... हो, जमतंय, चल!" बिजली दारापर्यंत आली अन् थांबली. पुन्हा तेच. पुन्हा तेच.

एकदम उमाशंकरनं कपाळावर हात मारला. "अहो मॅडम, तुम्हीच थांबवताय की तिला! 'हो' म्हंजे थांब! गाडीवानाचा 'हो' हाय तो. माझ्या बी आत्ता ध्यानात आलं."

सौदामिनीनं जीभ चावली. घरात कुणी 'हाव' म्हटलं की बाबा ओरडायचे, 'हो म्हणावं!' बाबांनी घोटून घेतलेलं ते शुद्ध मराठी असं अंगाशी आलं होतं.

तिनं नुसतंच चुचकारलं. बिजलीनं एक पाय आत टाकला... मग दुसरा. अंग थरथरत होतं, पण नजर सौदामिनीवरून हलत नव्हती.

"सौदामिनी..." उमाशंकर हळूच म्हणाला. पहिल्यांदाच मॅडम गळालं होतं. "बिजली राहिली तर... तुम्ही बी राहाल? आमच्या घरी... कायमच्या?"

"आत्ता विचारायचं हे?"

"आत्ता धीर हाय. पुन्हा ऱ्हाईल का न्हाई, ठाव न्हाई. अप्पांच्या कानावर घातलंय. म्हणले, आधी तिला तर इचार."

बिजलीचे मागचे पाय अजून उंबऱ्याबाहेर होते. सौदामिनीच्या ओठांवर होकार आला, अगदी टोकावर आला... अन् तिनं तो गिळला. हा 'हो' निसटला असता तर बिजली तिथंच उभी राहिली असती!

तिनं दावं सैल सोडलं, मान वर केली अन् सगळ्या गोठ्याला ऐकू जाईल असं म्हणाली,

"हाव!"

बिजली अख्खी आत आली. उमाशंकर मात्र होता तिथंच खिळला.

"क्... काय म्हणल्या?"

"हाव म्हटलं. आता ते दार लावा, अन् नांदेडला बाबांना भेटायला कधी येता ते सांगा."