पाणी भरायच्या आधी

खातुनाने दोर दोनदा हलवला, तिसऱ्यांदा हलवला, तरी टोपली काही हलकी होईना. आल्डरच्या झाडावर, जमिनीपासून चांगली तीन पुरुष उंचीवर, ती फांदीला पाय अडकवून बसली होती. पावसाची भुरभुर चालू होती. नोव्हेंबर निम्मा सरला होता, झाडाची पानं केव्हाच गळली होती आणि फांद्याफांद्यांतून चढलेल्या वेलीवर छखावेरी द्राक्षांचे गुलाबी घोस तेवढे राहिले होते. गोडी कितपत आली ते आजोबांना दाखवावं म्हणून तिने टोपलीभर घोस तोडून खाली सोडले होते. खाली शेजारची दोदो मावशी होती... म्हणजे असायला हवी होती.

"मावशी, झोपलीस का गं?"

तोच दोराला खालून हिसका बसला. तिने टोपली वर ओढली, तर आत द्राक्षं नाहीत. दोन पिवळी नासपती, हातरुमालात गुंडाळलेली!

"अगं बाई! कोण आहे खाली?"

"मी... पाऊस आला म्हणून झाडाखाली थांबलो होतो," एक ओशाळलेला पुरुषी आवाज आला. "वरून द्राक्षं आली. म्हटलं, काय गाव आहे, पाहुण्याला झाडसुद्धा खाऊ घालतं! मग रिकामी टोपली परत कशी पाठवायची, म्हणून—"

"सगळी खाल्लीत?"

"छे हो! अर्धीच. अर्धी टोपीत ठेवलीत."

खातुनाला असं हसू फुटलं की फांदी गदगदा हलली आणि खालच्याच्या डोक्यावर पाणी सांडलं.

"अहो-जाहो कशाला करताय? मी काय तुमची आत्या आहे?"

"तोंड दिसल्याशिवाय कसं कळणार?"

ती सरसर खाली उतरली. समोर एक उंच, हडकुळा तरुण उभा होता. नखांत चुना, भुवयांवर चुना, हातात द्राक्षांनी भरलेली टोपी. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग घाईघाईने झाडाकडे पाहिलं.

"नाही, आत्या नाहीस," तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

तो तेमुर. इमेरेती प्रांतातून इथे गुरियात आला होता, रांजण दुरुस्त करणारा. आजोबांनीच त्याला बोलावून घेतलं होतं.

वालिको आजोबांचं वय एक्याऐंशी. त्यांच्या उतारावर एकोणीस झाडं आणि एकोणीस झाडांवर एकोणीस वेली, त्यांच्या आजोबांच्याही आधीच्या. उंचावर वारा खेळतो, बुरशी धरत नाही, म्हणून आजवर एकाही वेलीवर फवारणीचा थेंब पडला नव्हता. आजोबांचे गुडघे गेले तेव्हापासून झाडावर खातुना चढायची. गाव नाकं मुरडायचं, पण तिच्या तोंडाला लागायची कोणाची छाती नव्हती. दुखणं होतं ते अंगणात. वाईन मुरवायला जमिनीत पुरलेल्या तीन रांजणांपैकी दोन मागेच फुटले होते आणि आता तिसराही गळू लागला होता.

"हा धरला तर ठीक," आजोबांनी तेमुरला पहिल्याच जेवणावर सांगून टाकलं. मक्याची भाकरी मोडता मोडता ते एकदम म्हातारे दिसले. "नाहीतर रविवारी लाकूडवाला येईल, झाडं कापून नेईल. हेझलनट लावू. नवा रांजण घडवून, भाजून, पुरून व्हायला वर्ष जाईल. तेवढा वेळ माझ्या गाठीला नाही बाबा. वाईन ठेवायची कुठे हे माहीत नसेल, तर वेली कोणासाठी सांभाळायच्या?"

"माझ्यासाठी!" खातुना म्हणाली.

आजोबा भाकरी मोडत राहिले. तेमुरने मात्र भाकरीचा घास तसाच हातात धरून तिच्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी कामाला सुरुवात झाली. तेमुर कमरेला दोर बांधून, खांदे आवळून रांजणाच्या तोंडातून आत उतरला. खातुना काठावर बसून चुन्याची बादली खाली सोडू लागली. अशा कामाचा नियम सगळ्यांना ठाऊक असतो. आतली हवा कधी दगा देईल याचा नेम नसतो, म्हणून आतल्याने बोलत राहायचं, गायचं, काहीही बडबडायचं. आवाज थांबला की वरच्याने दोर ओढायचा.

पंचाईत अशी की तेमुर मुलखाचा अबोल.

"बोल की!"

"काय बोलू?"

"काहीही. गाणं म्हण."

त्याने गाणं म्हटलं. अर्ध्या मिनिटात खातुनाने कानांवर हात ठेवले. "नको रे बाबा, रांजण परत तडकेल! गोष्टी सांग."

मग तो सांगत गेला. त्याच्या बापाच्या भट्टीबद्दल, आईच्या रागीट गाढवाबद्दल, लहानपणी रांजणात लपून शाळा बुडवली त्याबद्दल. जमिनीखालून घुमत येणारा तो आवाज ऐकताना आपण पाऊस विसरलो, चहा विसरलो, हे खातुनाच्या लक्षात आलं. लाज झाकायला तिने चुन्याची बादली उगाच जोरात हलवली.

चुना सुकल्यावर संध्याकाळी त्यांनी रांजण पाण्याने काठोकाठ भरला. सकाळी आजोबांनी काठी घातली. पाणी चार बोटं खाली गेलं होतं.

आजोबा घरात गेले. लाकूडवाल्याशी फोनवर बोलणं चाललेलं बाहेर ऐकू आलं. खातुना अंगणातच मटकन बसली आणि रडू लागली.

"चूक माझी आहे," तेमुर म्हणाला. "मोठी भेग बुजवली आणि खूश झालो. तळाशी केसासारखी एक बारीक भेग असणार, ती मी पाहिलीच नाही. मला अजून दोन दिवस दे. रविवारच्या आत करतो."

दुसरा एखादा असता तर जमिनीला नाहीतर म्हाताऱ्या रांजणाला दोष देऊन गाडी काढून चालता झाला असता. खातुनाने ओढणीने नाक पुसलं आणि ती पाणी उपसायला उठली.

शुक्रवारी तो पुन्हा आत उतरला. तळाशी भेग सापडली. "आहे, आहे!" खालून ओरडला तो. त्याने गाढवाची गोष्ट पुन्हा सांगितली, भट्टीची पुन्हा सांगितली. मग आवाज बारीक होत गेला... आणि थांबला.

"तेमुर?"

काहीच नाही.

"तेमुर! ए, बोल ना! गाणं म्हण, कसलंही म्हण... तेमुर!" तिने दोर पकडला, पाय रोवले. "देवा, ह्याला काही होऊ देऊ नकोस, झाडं ने हवी तर, सगळी ने—"

"आहे गं, आहे मी," खालून आवाज आला. "ओढू नकोस."

"मेल्या! जीव गेला असता माझा! गप्प का झालास?"

"गोष्टी संपल्या. एकच बोलायचं उरलंय, त्यासाठी धीर होत नव्हता." थोडा वेळ नुसती थापी घासल्याचा आवाज आला. "खातुना, मला तू आवडतेस. टोपली पाठवलीस तेव्हापासून. माझ्याशी लग्न करशील?"

अंगणात भुरभुर पाऊस पडत राहिला.

"आणि हे आजच विचारतोय," आवाज घाईने पुढे आला, "कारण रविवारी हा रांजण टिकला तर तू उपकार मानून हो म्हणशील. नाही टिकला तर रागाने नाही म्हणशील. मला दोन्ही नको. म्हणून पाणी भरायच्या आधी..."

गुरियाभर जिच्या तोंडाचा पट्टा प्रसिद्ध, ती खातुना दोर छातीशी धरून नुसती बसून राहिली.

"आता तू गप्प झालीस," खालून काळजीने विचारणा झाली. "वर हवा आहे ना?"

"आहे," ती म्हणाली. "हो."

"हो म्हणजे हवा, की—"

"दोन्ही रे वेड्या! दोन्ही!"

रविवारी सकाळी लाकूडवाला करवत घेऊन फाटकाशी उभा होता. रात्रभर भरून ठेवलेल्या रांजणापाशी आजोबा गुडघ्यांवर बसले, काठी घातली, काढली, पुन्हा घातली. पाणी जिथल्या तिथे होतं. त्यांनी हात ओल्या काठावर ठेवला, मग तोच हात तेमुरच्या डोक्यावर ठेवला. लाकूडवाल्याला त्यांनी आत बोलावून भाकरी वाढली आणि हात जोडून परत पाठवलं.

दुपारी उतारावर एकोणीस झाडांखाली दोघं एकटीच उभी होती. खातुनाने त्याचे चुन्याने फाटलेले दोन्ही हात आपल्या हातात घेतले, त्यांवर ओठ टेकवले आणि तिला पुन्हा रडू आलं.

तेमुर घाबरलाच. "अगं, म्हणूनच तर मी आधी विचारलं होतं... उपकार नको म्हणून."

"हो मी परवाच म्हटलंय," खातुना म्हणाली. "ते तुझ्यासाठी. आज मला आभार मानू दे. हे झाडांकडून."