दुसऱ्या अंकाची दाढी

पहिला अंक संपला आणि रंगपटात बोंब उठली, दाढी गेली!

१९६८ सालची गोष्ट. भिसेगावच्या हौशी मंडळींनी एक जुनं गाजलेलं विनोदी नाटक बसवलं होतं. दुसऱ्या अंकात म्हातारे कोंडीराम दाढी लावून ढोंगी बुवा होत. सगळी गंमत त्या दाढीवर. खासगी गुप्तहेर दिघे मित्र नामाबरोबर नाटक बघायला आले होते. मंडळींनी त्यांना हाताला धरून आत नेलं.

"पडदा उघडायच्या आधी पेटीत होती. मी बघितली," कोंडीराम म्हणाले.

आत करपट वास भरला होता. नाटकात सून झालेल्या गंगाबाईंनी चहा पुढे केला. "कोराच हाय. दूधवाला आज आलाच नाय."

"अंक चालू असताना तुम्ही कुठं होता?"

"बाजूच्या खोलीत, लुगडं बदलत. खोटं कशाला बोलू, कोंडीराम काकांवर राग हाय माझा. आपलंच वाक्य दोनदा म्हणतात, माझं राहून जातं."

दोनदा आलेल्या त्या वाक्याला मांडव खदखदून हसला होता. दिघेसुद्धा.

बुवाच्या कामावर नाटकातल्याच दामूचा डोळा होता, हे सारं गाव जाणून होतं. "हाच तो," नामा कुजबुजला.

"मी अख्खा अंक स्टेजवर व्हतो," दामू उसळला. "तुमीच बघितलंत ना?"

कोंडीरामांची बायको मालनबाई विंगेतून वाक्यं सुचवायची. "चहा टाकायला तेवढी आत आले," ती म्हणाली.

"आणि हा वास?"

"दूध उतू गेलं स्टोव्हवर."

दिघ्यांनी सगळ्यांना जवळ बोलावलं. असा खुलासा त्यांना फार आवडे.

"दामू स्टेजवर होता, कोंडीरामही. उरल्या दोघी. गंगाबाईंनी आपला राग स्वतःहून सांगितला. पण दूध आलंच नाही, तर उतू काय गेलं? हा वास केसांचा आहे. मालनबाई, दाढी तुम्ही जाळलीत. नवऱ्याला वाक्यं आठवत नाहीत, हे विंगेतून तुमच्याइतकं कुणाला कळणार?"

"होय, जाळली," मालनबाई म्हणाली. "पुढं बुवाचं लांबलचक भाषण हाय. ह्यांना ते नाय येत आता. लोक नाटकाला नाय, ह्यांना हसतात. तुमी पण हसलात."

"मला येत नाय?" कोंडीरामांनी एकेकाकडं पाहिलं. दामूनं मान खाली घातली. "मालन, मला का नाय गं सांगितलंस?"

बाहेर लोक शिट्ट्या मारत होते.

तिला एकटीला बाजूला घेऊन विचारता आलं असतं, हे दिघ्यांना तेव्हा सुचलं. पुढं त्यांनी पुष्कळ चोऱ्या उकलल्या, पण माणसं जमवून खुलासा पुन्हा कधी केला नाही.