जराशी कणकण

आईच्या बोटावरची जखम इतकी शांत कशी? शलाकाला हे कोडे सुटेना. मागे तिचा स्वतःचा गुडघा खरचटला, तेव्हा तो लालबुंद होऊन टम्म सुजला होता. वर पू झाला तो वेगळाच. आईचे बोट मात्र विळीवर कापूनही ना लाल, ना सुजलेले.

"जखम छान बरी होतेय!" शलाका म्हणाली.

"हा निष्कर्ष मला मान्य नाही," आईच्या शुश्रूषेसाठी घरी आलेला यंत्रमानव निरामय म्हणाला. "रणांगण शांत आहे, म्हणजे शत्रू पळाला असेच का मानावे? सैन्यच उरले नसेल तर?"

त्याने तपासणीसाठी घेतलेला आईच्या रक्ताचा थेंब भिंतीवर मोठा करून दाखवला. तांबड्या चकत्यांचा अथांग सागर! शलाका श्वास घ्यायचीही विसरली. आईच्या आत हे एवढे विश्व? त्यात न्यूट्रोफिल (जंतूंना गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी) मात्र शोधूनही सापडेनात.

"आईंना चालू असलेल्या केमोथेरपीची (कर्करोगावरील उपचाराची) औषधे झपाट्याने वाढणाऱ्या पेशी मारतात," निरामय सांगू लागला. "अस्थिमज्जेतल्या (हाडांमधल्या मऊ गरातल्या) पेशीही तशाच वाढतात; म्हणून त्याही मारल्या जातात, आणि नवे सैनिक घडत नाहीत. लाली, सूज, पू या लढाईच्या खुणा. सैन्यावाचून लढाई कसली? अशा वेळी ताप हीच बहुधा एकमेव हाक."

"मग आईला ताप आहे?"

"सकाळी नव्हता. आत्ता विचारले, तर ‘जराशी कणकण आहे’ म्हणाल्या. कण कुठले ते कळेना, म्हणून मी खोली पुसून काढली."

"अरे शहाण्या, कणकण म्हणजे तापच!"

तापमापकाने तिचेच म्हणणे खरे केले. "चल, दवाखान्यात जाऊ," शलाका आईला म्हणाली.

"कणकणीसाठी कुणी दवाखाना गाठतं का गं?" आई म्हणाली. "गोळी घेते, उतरेल."

"गोळीने ताप उतरेल, जंतू मरणार नाहीत," निरामय म्हणाला. "हाक तेवढी दाबली जाईल."

शलाकाने तोवर रुग्णालयाला फोन लावलाही होता. "आईची केमो चालू आहे आणि तिला ताप आलाय. आम्ही निघालोच!"

तिथे पोहोचताच शिरेतून प्रतिजैविक (जंतुनाशक औषध) सुरू झाले. आईला नवे जंतू लागू नयेत म्हणून पुढचे काही दिवस शलाकाने दाराच्या काचेतून तिला नुसते पाहिले.

मग एका सकाळी आईने काचेपाशी येऊन बोट वर धरले. जखमेची कड लालसर झाली होती, किंचित सुजलीही होती.

"निरामय, सुजलं! सैन्य आलं!" शलाका आनंदाने ओरडली.

डॉक्टरांच्या तपासणीनेही तेच सांगितले. निरामयने पुन्हा भिंतीवर मोठ्या करून दाखवलेल्या थेंबभर रक्तात न्यूट्रोफिल दिसू लागले होते. कुणी न शिकवता ते जंतूंच्या मागावर निघाले होते. शलाका त्या सागराकडे डोळे विस्फारून पाहत राहिली.

"आपलं कोण आणि शत्रू कोण, हे ओळखूनच मारणारं औषध मी शोधणार," ती हळूच म्हणाली.

"हा निष्कर्ष," निरामय म्हणाला, "मला मान्य आहे."